एका मर्यादेचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव आपल्यापैकी अनेकांना तेरणा साखर कारखान्यामुळे ठाऊक असेल. इतिहासाची आवड असणाऱ्यांना ते शेजारच्या तेरमुळे, म्हणजे प्राचीन तगर नगरामुळे, ठाऊक असते. मात्र मागच्या पिढीतील माणसांच्या मनात ढोकी म्हटले की अजूनही बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावू लागते. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे निजामाच्या राज्यात शिरून, ढोकीवरून, ती १९११ मध्ये लातूरला पोहोचली. २००८ पर्यंत हा सारा मार्ग रुंद रुळांचा झाला आणि ती गाडी इतिहासजमा झाली.

त्याच १९११ सालच्या ८ एप्रिल रोजी हॉलंडमधील लायडन गावी एक घटना घडली. हाइके कामरलिंग ओन्नेस या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा एक बारीक धागा काचेच्या नळीत भरून उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करण्यात आला होता. त्यातून वीज सोडली असता तिला होणारा रोध एकाएकी नाहीसा झाला. कमी झाला असे नव्हे. मोजण्याजोगा उरलाच नाही. या अवस्थेला आपण मराठीत अतिसंवाहकता म्हणतो.

ढोकीची गाडी आणि लायडनचा पारा यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे मान्य. तरीही हा लेख लिहिताना मला ती गाडी वारंवार आठवत राहिली. तिचे कर्ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा आग्रह असा होता की, इंजिनाचा व डब्यांचा भार प्रत्येक आसावर सारखा वाटला जावा आणि तो कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक पडू नये. म्हणूनच हलक्या रुळांवरून ती गाडी पुष्कळ माल ओढू शकली. एकूण ओझे किती, यापेक्षा ते कोठे किती पडते, हा प्रश्न महत्त्वाचा. अतिसंवाहक पदार्थाच्या पातळ पटलातून मोठा विद्युतप्रवाह सोडला तर काय होते, या आजच्या विषयाचे मर्मही बरेचसे याच प्रश्नात आहे.

पाठ्यपुस्तकांतून १९११ चा शोध मोठ्या अक्षरांत छापला जातो. माझ्या मते १९१३ चा शोध तितकाच मोठा आहे. पण तो निराशेचा असल्यामुळे त्याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. रोधच नसेल तर तारेतून वाटेल तेवढा प्रवाह नेता यावा, आणि तार तापणार नसल्यामुळे तिचे वेटोळे करून प्रचंड शक्तीचा विद्युतचुंबक बनवता यावा, असे ओन्नेस यांना वाटले. १९१३ च्या शरदात शिकागो येथील परिषदेत त्यांनी एक लाख गाउस क्षेत्राच्या चुंबकाचे स्वप्न बोलून दाखवले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि त्यांच्याच प्रयोगशाळेत त्या स्वप्नाला तडा जात होता. पाऱ्याच्या धाग्यातील प्रवाह वाढवत नेला की एका विशिष्ट मर्यादेपाशी रोध अकस्मात परत येई. शिशाच्या तारेचे वेटोळे केले तर ही मर्यादा आणखी खाली येई. १९१४ मध्ये कळले की सुमारे सहाशे गाउसचे चुंबकीय क्षेत्रसुद्धा शिशाची अतिसंवाहकता मोडून टाकते. एक लाख कोठे आणि सहाशे कोठे!

१९१६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतील फ्रान्सिस सिल्सबी यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. प्रवाह वाहू लागला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे आपण शाळेत शिकतो. सिल्सबी म्हणाले, प्रवाह मोठा झाला की त्याचे स्वतःचेच क्षेत्र अतिसंवाहकाला मारून टाकते; निराळे कारण शोधण्याची गरज नाही. ज्या प्रवाहापाशी हे घडते त्याला क्रांतिक प्रवाह असे नाव पडले.

यानंतरच्या कथेत एक दुःखद पान आहे. सोव्हिएत युनियनमधील खारकॉव्ह येथे लेव्ह शुबनिकॉव्ह यांनी शिशाच्या मिश्रधातूंचे स्फटिक घेऊन दाखवले की काही अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र आत शिरल्यावरही लगेच मरत नाहीत. दीर्घ काळ ते क्षेत्र पोटात वागवीत अतिसंवाहकच राहतात. हे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर लवकरच, १९३७ मध्ये, स्टालिनच्या दडपशाहीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या निरीक्षणाचा अर्थ उलगडायला १९५७ साल उजाडावे लागले. अलेक्सेई अब्रिकोसॉव्ह यांनी गणिताने दाखवले की, असे क्षेत्र पदार्थात सरसकट पसरत नाही. ते बारीक बारीक सुट्या धाग्यांच्या रूपाने आत शिरते आणि प्रत्येक धाग्याभोवती विजेचा एक चिमुकला भोवरा फिरत असतो. सारे भोवरे अगदी एकाच मापाचे असतात, आणि मोकळीक मिळाली तर मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे शिस्तीने रांगा धरून उभे राहतात. १९६७ मध्ये जर्मनीतील एसमान व ट्रॉइब्ले यांनी चुंबकीय धातूची सूक्ष्म भुकटी शिंपडून या रांगांचे छायाचित्रच घेतले. अब्रिकोसॉव्ह यांना नोबेल मिळण्यास मात्र २००३ साल यावे लागले.

या भोवऱ्यांचा आपल्या विषयाशी संबंध असा. पदार्थातून प्रवाह वाहू लागला की तो प्रत्येक भोवऱ्याला आडव्या दिशेने रेटा देतो. भोवरा जागचा हलला की त्याच्या गाभ्यात घर्षण होऊन ऊर्जा खर्ची पडते, म्हणजे रोध परत येतो. तेव्हा अतिसंवाहकाने मोठा प्रवाह सोसावा असे वाटत असेल, तर भोवरे जागच्या जागी खिळवून ठेवले पाहिजेत. त्यांना खिळवते कोण? पदार्थातील दोष! स्फटिकात कोठे एखादा अणू गळलेला असतो, कोठे परका अणू घुसलेला असतो, कोठे थर सरकलेला असतो. असल्या जागी भोवरा अडकून बसतो. अगदी निर्दोष, आरशासारखा स्वच्छ स्फटिक घेतला तर त्यात भोवऱ्यांना अडवणारे कोणीच नसते आणि तो थोड्याशा प्रवाहानेच हार खातो. १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन कुन्झलर यांनी नायोबियम व कथील यांच्या संयुगाची तार ८८ हजार गाउसच्या क्षेत्रात ठेवली. तिने दर चौरस सेंटिमीटरला एक लाख अँपिअरहून अधिक प्रवाह वाहून नेला. ओन्नेस यांचे स्वप्न जवळजवळ अर्ध्या शतकाने असे दोषांच्या आधाराने साकार झाले. या गोष्टीचा प्रवचनात दृष्टांत करण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. परंतु पदार्थविज्ञानाला असे वेठीस धरणे मला पसंत नाही, म्हणून पुढे जातो.

आता पातळ पटलांकडे वळू. येथे पटल म्हणजे काच किंवा नीलमणी यांसारख्या सपाट तळावर चढवलेला अतिसंवाहकाचा अतिशय बारीक थर. त्याची जाडी कधी केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतकी असते, तर कधी त्याच्याही कित्येक पटींनी कमी. शास्त्रज्ञांना त्याचे आकर्षण दोन कारणांनी वाटले. एक तर अशा थरात एकूण प्रवाह थोडा असूनही प्रवाहाची घनता प्रचंड करता येते. दुसरे म्हणजे थर तळाला चिकटलेला असल्याने निर्माण होणारी उष्णता तळात निघून जाऊ शकते. त्यामुळे प्रवाह वाढवत नेताना अतिसंवाहकता कोणकोणत्या पायऱ्यांनी मोडते, हे निवांतपणे पाहता येते.

त्या पायऱ्या अशा. आरंभी प्रवाह पटलाच्या रुंदीवर सारखा वाटला जात नाही; तो दोन्ही कडांशी गर्दी करतो. येथेच मला कॅलथ्रॉप आठवतात. त्यांनी आसांवर भार वाटून दिला. पटलात मात्र निसर्ग तो कडांवर लादतो. भोवरेही प्रथम कडेनेच आत शिरतात. कडेला एखादा चरा किंवा खाच असली, की तेथून त्यांचा शिरकाव आधी होतो. प्रवाह आणखी वाढला की दोषांत अडकलेले भोवरे सुटू लागतात. हे सुटणे पाहून मला आषाढी वारीच्या दिवसांतील कुर्डुवाडी स्थानकाची आठवण होते, कारण पंढरपूरचा फाटाही तेथूनच फुटे. प्रथम गर्दी दाटून एकाच जागी खिळलेली. मग दोन-चार वाटा फुटून काही माणसे धक्के खात त्यांतून निसटतात, बाकीची तेथेच उभी. आणि रेटा खूपच वाढला की सारा समुदाय एका चालीने पुढे सरकू लागतो. भोवऱ्यांचेही नेमके असेच होते. मोठ्या प्रवाहाखाली धावताना त्यांच्या विस्कटलेल्या रांगा पुन्हा बऱ्याचशा नीट होतात, हे १९९० नंतरच्या दशकातील प्रयोगांनी व गणितांनी दाखवले.

याहीपुढे गेले तर काय? १९७५ मध्ये रशियातील लार्किन व ओव्हचिनिकॉव्ह या दोघांनी भाकीत केले की, भोवरे फार वेगाने धावू लागले की त्यांचा गाभा आक्रसतो आणि त्यांना होणारे घर्षण वाढण्याऐवजी कमी होते. घर्षण घटले की वेग वाढतो आणि वेग वाढला की घर्षण आणखी घटते. मग एका क्षणी तोल सुटतो आणि पटलाच्या दोन टोकांमधील विद्युतदाब एकदम उडी घेतो. पुढे कथील, ॲल्युमिनियम यांच्या पटलांत ही उडी प्रत्यक्ष मोजली गेली. त्याच्या एक वर्ष आधी, १९७४ मध्ये, स्कॉकपॉल, बीस्ली व टिंकहॅम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दुसरी वाट उघड केली होती. पटलात एखादी जागा कमकुवत असली की ती प्रथम अतिसंवाहकता गमावते. तेथे रोध आला म्हणून उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने शेजारचा भाग तापून तोही बाद होतो. हा तप्त डाग मग वणव्यासारखा पसरत जातो. प्रवाह वेळीच तोडला नाही तर पटल त्या जागी जळून फाटते.

ढोकीच्या शिवारातील कोणत्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला सात-आठ अँपिअर लागतात. डीपीवरच्या किटकॅटमधील बारीक तार वारंवार वितळते म्हणून कोणीतरी तिच्या जागी जाड तार गुंडाळतो. आणि पुढच्या वेळी तारेऐवजी मोटारीचे वायंडिंग जळते. एका संध्याकाळी अशाच एका विहिरीच्या काठावर जळक्या वार्निशाचा वास घेत मी उभा होतो, तेव्हा मोटारीचा मालक म्हणाला, "फादर, तार जळायलाच पाहिजे होती, मोटार नाही." अतिसंवाहक पटलाच्या सर्वांत उपयुक्त गुणाचे वर्णन याहून थोडक्यात करणे कठीण आहे. ते कसे, हे मी शेवटी सांगेन.

१९८६ पर्यंत हे सारे प्रयोग द्रवरूप हेलियममध्ये करावे लागत. हेलियम महाग, दुर्मिळ आणि हाताळण्यास कठीण. त्या वर्षी झुरिच येथील आयबीएम प्रयोगशाळेत बेडनोर्झ व म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत अतिसंवाहकता आढळली. १९८७ च्या आरंभी इट्रियम, बेरियम व तांबे यांचे ऑक्साइड उणे १८० अंशांच्या आसपासच अतिसंवाहक होते असे कळले, आणि हेलियमऐवजी उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन पुरेसा झाला. हा नायट्रोजन आपल्याला अपरिचित नाही. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी जनावरांच्या दवाखान्यात जे जाड बुडाचे कॅन असतात आणि झाकण उघडताच ज्यांतून पांढरी वाफ खाली सांडते, त्यांत तोच असतो.

जगभर जल्लोष झाला. पण १९१३ ची निराशा पुन्हा समोर उभी राहिली. या नव्या पदार्थाच्या भाजून केलेल्या वड्या चिनी मातीच्या भांड्यांसारख्या ठिसूळ होत्या आणि त्यांतून प्रवाह अगदीच थोडा जाई. हा पदार्थ मुळातच नादार आहे काय, अशी शंका बोलून दाखवली जाऊ लागली. तिला उत्तर दिले ते पातळ पटलाने. अमेरिकेतील आयबीएममध्ये काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ प्रवीण चौधरी यांच्या गटाने १९८७ मध्ये या पदार्थाचे स्फटिकरूप पटल तयार केले. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला त्यातून दर चौरस सेंटिमीटरला एक लाख अँपिअरहून अधिक प्रवाह गेला. हा आकडा भीतिदायक वाटतो, म्हणून हिशोब करून पाहू. पटल एक मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके जाड धरले, तर त्यातून एक अँपिअर जाईल. तेवढ्याच आकाराच्या तांब्याच्या पट्टीतून घरगुती वायरिंगच्या नियमाने त्याचा अगदी थोडा हिस्साच नेता येईल. पुढच्याच वर्षी त्याच गटाने वड्यांचे दुखणेही शोधून काढले. वडीत असंख्य कण निरनिराळ्या दिशांना तोंडे करून बसलेले असतात. दोन कणांमधील कोन जितका मोठा, तितका त्यांच्या सांध्यातून जाणारा प्रवाह कमी. म्हणजे दोष हवेत, पण ते कणांच्या पोटात, सांध्यांत नकोत.

१९८७ मध्येच न्यू जर्सी येथे टी. वेंकटेशन यांच्या गटाने लेझर किरणाच्या माऱ्याने अशी पटले घडवण्याची रीत बसवली. ती रीत आज जगभर वापरली जाते. त्या आरंभीच्या कामात पुणे विद्यापीठाचे सतीशचंद्र ओगले यांचाही सहभाग होता, आणि लेझरची ही विद्या पुण्यात रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्रातील ही परंपरा मात्र याहून जुनी आहे. मुंबईत कुलाब्याच्या टोकावर असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पासून द्रवरूप हेलियम तयार होत आहे; त्यावाचून या विषयाला हातही घालता आला नसता. १९९४ मध्ये त्या संस्थेतील आर. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पवईच्या आयआयटीतील संशोधकांच्या साहाय्याने, निकेल असलेल्या एका मिश्रणात सुमारे १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंशांना, अतिसंवाहकता शोधून काढली. निकेल हे चुंबकीय धातूंपैकी एक. तेथे अतिसंवाहकता मिळेल अशी अपेक्षा कोणाला नव्हती. त्याच दशकात अरुण ग्रोव्हर आणि पुढे संस्थेचे संचालक झालेले शोभो भट्टाचार्य यांनी एका विलक्षण गोष्टीचा पाठपुरावा केला. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले की क्रांतिक प्रवाह सामान्यतः घटत जातो. परंतु अतिसंवाहकता पूर्ण नष्ट होण्याच्या थोडे आधी तो एकाएकी वर उसळी घेतो. विझणाऱ्या दिव्याने मोठे व्हावे तसेच हे दिसते. कारण मात्र निराळे आहे. त्या टोकाला भोवऱ्यांच्या रांगांचा ताठपणा जातो. रांग मोडल्यामुळे प्रत्येक भोवरा आपापल्या जवळचा दोष गाठून अडकून बसतो आणि त्यांना हलवणे अधिक अवघड होते.

त्याच संस्थेत प्रताप रायचौधुरी यांनी नायोबियम नायट्राइडच्या पटलांवर दीर्घ काळ काम केले. २०१४ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने मॉलिब्डेनम व जर्मेनियम यांच्या पातळ पटलातील भोवरे सूक्ष्मदर्शकाने एकेक करून पाहिले आणि पटलातून प्रवाह सोडून त्याचा ताळाही घेतला. त्यांना आढळले की भोवऱ्यांची रांग बर्फासारखी एका झटक्यात वितळत नाही. स्थायू आणि द्रव यांच्या मधली एक अवस्था येते. तीत भोवरे वाहतात, पण आपल्या षट्कोनाच्या दिशा विसरत नाहीत.

कोल्हापूरचे काम अगदी निराळ्या जातीचे. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. एस. एच. पवार व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात व त्यानंतरही अतिसंवाहक पटले विद्युतलेपनाने तयार केली. दागिन्यांना किंवा भांड्यांना मुलामा देतात तीच ही पद्धत: द्रावण, दोन पट्ट्या आणि मंद प्रवाह. लाखो रुपयांची निर्वात यंत्रे नसतानाही या क्षेत्रात पाऊल टाकता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मला या साऱ्या इतिहासात हे प्रकरण विशेष प्रिय आहे, कारण ते आपल्याकडच्या साधनांतून उभे राहिले.

आता त्या मोटारवाल्याचे वाक्य. विजेच्या जाळ्यात कोठे तारा एकमेकींना भिडल्या की क्षणार्धात नेहमीच्या कित्येक पटींनी प्रवाह धावतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतात. त्या वाटेत अतिसंवाहक पटल बसवले, तर नेहमीच्या प्रवाहाला ते मुळीच अडवत नाही. परंतु प्रवाह मर्यादेबाहेर जाताच ते स्वतःहून, कोणी कळ न दाबता, सेकंदाच्या काही हजाराव्या भागात अतिसंवाहकता सोडते आणि रोध बनून आडवे उभे राहते. दोष निवारला आणि पटल थंड झाले की ते पुन्हा पूर्ववत होते. फ्यूजची तार मात्र दर वेळी नवी घालावी लागते. अडचण एकच: तप्त डाग. पटल जर एकाच कमकुवत जागी बाद झाले, तर सारा मारा तेथेच बसून ते जळते. यावर जर्मनीतील सीमेन्स कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नीलमण्याच्या तबकड्यांवरील पटलांना वरून सोन्याचा पातळ मुलामा दिला. एखादी जागा बाद झाली तर प्रवाह क्षणभर सोन्यातून वळसा घेतो, तोवर बाकीचे पटलही रोध धरते आणि भार सर्वत्र वाटला जातो. पाच टनांचा आस येथे पुन्हा भेटतो!

हाच तप्त डाग २००१ मध्ये रशियन शास्त्रज्ञ गोल्ट्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाला लावला. नायोबियम नायट्राइडच्या पटलाची अतिसूक्ष्म पट्टी करून तिच्यातून क्रांतिक मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचणारा प्रवाह सोडून ठेवला, तर प्रकाशाचा एकच कण तिच्यावर पडला तरी तेवढ्याने एक चिमुकला डाग उमटतो आणि विद्युतदाबाची एक टिचकी ऐकू येते. क्षणात पट्टी थंड होते आणि पुढच्या कणाची वाट पाहू लागते.